चार आण्यांची कोंबडी आणि ऑस्ट्रेलियाची वारी

दुसऱ्या सत्राची सुट्टी जवळ आली की आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत दरवर्षी तोच विषय निघतो. कोणाचा भाऊ मेलबर्नला आहे, कोणाची मुलगी पर्थला शिकते, कोणाची नात सिडनीला जन्मली आणि आजीने तिला अजून मांडीवर घेतलेले नाही. मग चहाचा पेला हातात धरून प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “स्वस्त तिकीट कोठे मिळेल हो?”

हा प्रश्न मीही अनेक वर्षे विचारीत होते. माझी धाकटी बहीण मेलबर्नला असते. २०२४ च्या जुलै महिन्यात मी, माझे यजमान, आमची अठरा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई असे चौघे जण तिच्याकडे गेलो. निघण्यापूर्वी आई म्हणाली होती, “मला देश दाखवू नकोस, नातू दाखव.” तिच्या ह्या एका वाक्यासाठी दोन शिक्षकांच्या पगारातून तीन वर्षे पैसे बाजूला काढले होते. ऑस्ट्रेलियाचा एक डॉलर म्हणजे आपले तीस रुपयांच्या आसपास. तेव्हा तिकडे पाण्याची बाटली घेतानासुद्धा मनात तिसाचा पाढा सुरू होतो.

परत आल्यावर मी सगळ्या पावत्या टेबलावर मांडून हिशेब केला, आणि ध्यानात आले की आमचा प्रश्नच अपुरा होता. पैसे कोठे वाचले आणि कोठे गेले, ह्याचा संबंध आमच्या हुशारीशी फार थोडा होता. जेथे सेवा लोकांच्या, म्हणजे सरकारच्या, हाती होती आणि सरकारने मन मोठे केले होते, तेथे आमचे पैसे वाचले. जेथे एकदोन कंपन्यांच्या हाती दार होते, तेथे प्रत्येक दारात पैसे मोजावे लागले. ह्या एका गोष्टीचा विचार आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

स्वस्त तिकिटाची गोष्ट

मेलबर्नहून सिडनीला जाण्यासाठी आम्ही एका स्वस्त म्हणविणाऱ्या कंपनीचे तिकीट काढले. माणशी ५९ डॉलर. आम्ही खूश झालो. हातातील सामानाला सात किलोची मर्यादा होती. आईच्या पिशवीत औषधे, शाल आणि बहिणीने दिलेले लोणच्याचे दोन डबे. वजन भरले साडेनऊ किलो. विमानात चढण्याच्या दारापाशी त्या एका पिशवीचे ७५ डॉलर भरावे लागले. पिशवी माणसापेक्षा महाग पडली. “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” आई म्हणाली, आणि विमान उतरेपर्यंत काही बोलली नाही.

चूक आमचीच होती, कारण नियम लिहिलेला होता. परंतु आरंभी लहान आकडा दाखवावयाचा आणि मग एकेक शुल्क जोडत जावयाचे, ही रीत तिकडच्या विमान-व्यवसायात जुनी आहे. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा सांगतो की जे शुल्क टाळता येत नाही ते धरून एकूण किंमत ग्राहकाला ठळकपणे दाखविली पाहिजे. तिकीट-नोंदणीचे शुल्क असे मागाहून जोडल्याबद्दल २०१७ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने जेटस्टारला ५,४५,००० आणि व्हर्जिनला २,००,००० डॉलर दंड केला. हा खटला तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने चालविला होता. मात्र सामान, आसन आणि जेवण ह्या गोष्टी ऐच्छिक मानल्या जातात. त्यांचे पैसे वेगळे लावण्यास मनाई नाही. म्हणून तिकिटांची तुलना करताना सामानासह एकूण बेरीज मांडावी. आम्ही ती मांडली असती, तर जे तिकीट आम्ही महाग म्हणून सोडले तेच स्वस्त ठरले असते.

दोन कंपन्यांचा देश

पर्थ हे आपल्याला सर्वांत जवळचे ऑस्ट्रेलियन महानगर. आपल्या बेटापासून ते जवळजवळ सहा हजार किलोमीटर आहे. परंतु पर्थहून सिडनी पुन्हा सुमारे तेहतीसशे किलोमीटर. त्यामुळे देशात पोचल्यावरही विमानावाचून गत्यंतर नसते, आणि हे आकाश बहुतांशी दोन गटांचे आहे. एक क्वांटस, तिच्याच मालकीची जेटस्टार, आणि दुसरी व्हर्जिन. खिडकीवर नावे तीन दिसतात, मालक दोनच.

तिसऱ्याने येण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. बॉन्झा नावाची स्वस्त कंपनी २०२३ च्या जानेवारीत उडू लागली आणि ३० एप्रिल २०२४ रोजी बंद पडली. विमानतळांवर प्रवासी ताटकळत राहिले. रेक्स ही छोट्या गावांना जोडणारी जुनी कंपनी २०२१ पासून मोठ्या शहरांमध्येही जेट विमाने चालवू लागली होती. ३० जुलै २०२४ रोजी ती प्रशासकांच्या हाती गेली आणि मोठ्या शहरांमधील तिची विमाने थांबली. आम्ही तेव्हा मेलबर्नमध्येच होतो. त्यानंतर स्पर्धा आयोगाने जो अहवाल दिला त्यात दिसले की जुलै ते सप्टेंबर २०२४ ह्या काळात मोठ्या शहरांमधील सरासरी भाडे सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. सप्टेंबरात तिकडे फुटबॉलचे अंतिम सामने असतात आणि शाळांना सुट्टी लागते, हेही खरे. तरीपण तिसरा दुकानदार गेला की उरलेल्या दोघांना भाव उतरविण्याची घाई राहत नाही, हे आपल्या बाजारात भाजी घेणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

ह्याच देशात रद्द झालेल्या विमानांची तिकिटे विकली गेली, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. क्वांटसने २०२२ च्या मे ते जुलै ह्या महिन्यांतील जी हजारो उड्डाणे आधीच रद्द केली होती, त्यांची तिकिटे ती विकत राहिली, असा आरोप आयोगाने २०२३ च्या ऑगस्टअखेर न्यायालयात केला. २०२४ च्या मे महिन्यात कंपनीने चूक मान्य केली. ८६,००० हून अधिक ग्राहकांना मिळून २ कोटी डॉलर देण्याचे ठरले. देशांतर्गत प्रवासाला माणशी २२५ आणि परदेश-प्रवासाला ४५० डॉलर. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने १० कोटी डॉलर दंड केला. हे पैसे ग्राहकांना मिळाले ते कोणा एका प्रवाशाने खिडकीवर भांडून मिळविलेले नाहीत. पाठीशी कायदा आणि तो चालविणारी संस्था होती, म्हणून मिळाले.

विमानतळाचे दार

आता विमानतळाबाहेर येऊ. आम्हाला खरा धडा येथे मिळाला.

पर्थचा विमानतळ-रेल्वेमार्ग २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तो राज्य सरकारचा आहे आणि भाडे नेहमीच्या लोकलचे. विमानतळाचे म्हणून वेगळे काही नाही. वीस मिनिटांच्या आत आम्ही शहरात पोचलो. माझ्या चुलत भावाने आमच्यासाठी स्मार्टरायडर कार्डे काढून ठेवली होती. पुढचा दिवस रविवार. २०२४ च्या जानेवारीपासून तेथे कार्डधारकांना रविवारी प्रवास फुकट. आईला घेऊन आम्ही फ्रीमँटलचा समुद्र पाहून आलो आणि प्रवासाचा एक सेंटही लागला नाही.

सिडनीत ह्याच्या उलट. तेथील विमानतळ-मार्ग २००० मध्ये, ऑलिंपिकच्या आधी, सुरू झाला. रूळ सरकारी, पण स्टेशने खासगी भागीदाराने बांधली आणि त्या बदल्यात प्रत्येक उतारूकडून स्टेशन-प्रवेश शुल्क घेण्याचा अधिकार मिळविला. हा करार २०३० पर्यंत चालणार आहे. रेल्वेच्या भाड्यावर हे शुल्क माणशी सतरा डॉलरच्या आसपास पडते. आम्हा चौघांचे सुमारे ७० डॉलर, म्हणजे दोन हजारांहून अधिक रुपये, आणि तेही केवळ फाटकातून बाहेर पडण्याचे.

त्याच मार्गावर विमानतळाच्या पुढचे स्टेशन मॅस्कट. तेथे हे शुल्क नाही. पूर्वी होते. मॅस्कट आणि ग्रीन स्क्वेअर ह्या दोन्ही स्टेशनांवरील शुल्क २०११ मध्ये राज्य सरकारने स्वतः भरण्याचे ठरविले, आणि तेथील उतारूंची संख्या झपाट्याने वाढली. गाडी तीच, रूळ तेच, अंतर एका स्टेशनाचे. फरक एवढाच की एका ठिकाणी सरकारने जबाबदारी घेतली आणि दुसऱ्या ठिकाणी घेतली नाही. परतताना आम्ही शहाणे झालो होतो. मॅस्कटला उतरलो आणि तेथून साध्या भाड्यात बसने विमानतळ गाठला. बसचा क्रमांक ४२०. यजमान हसून म्हणाले, “आयुष्यात प्रथमच चारशेवीसने आपले पैसे वाचविले.”

मेलबर्नच्या विमानतळाला रेल्वे नाही. तिच्या चर्चेला अनेक दशके झाली. शहरात नेणारी खासगी जलद बस आहे, ती सोयीची पण महाग. ९०१ क्रमांकाची सार्वजनिक बस मात्र शहराच्या नेहमीच्या कार्डावर ब्रॉडमेडोज स्टेशनपर्यंत नेते आणि तेथून लोकल मिळते. वेळ अधिक लागतो. लहान मुले आणि जड सामान असल्यास चौघांनी मिळून टॅक्सी करणेही वाईट नाही.

पन्नास सेंटांचा प्रयोग

ब्रिस्बेनला आम्ही गेलो नाही, पण तेथील गोष्ट सर्वांत बोलकी आहे. क्वीन्सलँड सरकारने ५ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांच्या प्रयोगासाठी बस, रेल्वे, ट्राम आणि फेरी ह्यांचे भाडे सरसकट पन्नास सेंट केले. ब्रिस्बेनहून गोल्ड कोस्टच्या समुद्रापर्यंत पन्नास सेंट, म्हणजे आपले पंधरा रुपये. ऑक्टोबरात निवडणूक झाली. ज्यांनी योजना आणली तो मजूर पक्ष हरला. परंतु जिंकणाऱ्या पक्षानेही ती कायम ठेवण्याचे वचन दिले होते, आणि पाळले. लोकांना एकदा सोय पटली की ती काढून घेण्याचे धैर्य कोणत्याच पक्षाला होत नाही.

पण विमानतळाचे दार येथेही वेगळेच. ब्रिस्बेनची विमानतळ-गाडी २००१ पासून खासगी कंपनी चालविते, म्हणून पन्नास सेंटांचा नियम तिला लागू झाला नाही. २०२५ मध्ये सरकारने ते भाडे निम्म्यावर आणले, तरी ते पन्नास सेंटांच्या कितीतरी पट उरले.

व्हिक्टोरिया राज्याने २०२३ च्या मार्चअखेरपासून असे केले की दूरच्या गावाला जाणाऱ्या सरकारी गाडीचे दिवसभराचे भाडे मेलबर्न शहराच्या दिवसभराच्या भाड्याहून अधिक व्हावयाचे नाही. त्याच भाड्यात आम्ही बॅलरॅटला जाऊन आलो. १८५१ मध्ये जेथे सोने सापडले आणि जगभरची माणसे धावली, तेच हे गाव. मेलबर्न शहराच्या मध्यभागी ट्राम २०१५ पासून फुकट आहे. सिडनीत सोमवार ते गुरुवार एका दिवसात जास्तीत जास्त जेवढे भाडे घेतले जाते, त्याच्या निम्मीच मर्यादा शुक्रवार ते रविवार असते. ज्यांना सिडनी पाहावयाचे त्यांनी हे तीन दिवस शहरासाठी ठेवावेत आणि बाकीचे दिवस नातलगांबरोबर घालवावेत.

प्रवासाबाहेरही हीच गोष्ट. उद्यानांतून सार्वजनिक विजेच्या शेगड्या असतात, बहुतेक ठिकाणी फुकट. आईने बहिणीच्या घरी फराटे लाटले, आम्ही ते यारा नदीकाठी गरम करून भाजीबरोबर खाल्ले. शेजारचे ऑस्ट्रेलियन कुटुंब कौतुकाने पाहत होते, त्यांनाही दोन दिले. मेलबर्नची राष्ट्रीय चित्रशाळा आणि पर्थचे किंग्ज पार्क पाहण्यास प्रवेशमूल्य नाही. उलट रविवारी आणि सणाच्या दिवशी पुष्कळ उपाहारगृहे बिलावर दहा-पंधरा टक्के अधिभार लावतात. दारावरची पाटी वाचूनच आत बसावे.

कोणी म्हणेल, स्वस्त भाडे म्हणजे उरलेले पैसे करदात्याच्या खिशातून. बरोबर आहे. ज्या दूरच्या गावात बस जातच नाही तेथील शेतकऱ्याच्या करातून ब्रिस्बेनकराचा, आणि आमच्यासारख्या पाहुण्याचाही, प्रवास स्वस्त होतो. हा आक्षेप रास्त आहे आणि तेथेही घेतला जातो. त्याला माझे उत्तर इतकेच की रस्तेही करातूनच बांधले जातात, आणि बसमध्ये बसलेली चाळीस माणसे रस्त्यावरील तीस मोटारी कमी करतात.

आपले पंचांग आपल्या उपयोगाचे

एक बचत मात्र आपल्या हातात आहे, आणि ती शाळेच्या पंचांगात दडलेली आहे. आपल्या शाळा साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. ऑस्ट्रेलियातील शाळा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुटतात. मधल्या पाच-सहा आठवड्यांत तेथे हवा चांगली असते आणि गर्दी नसते. आपण मात्र नाताळची वाट पाहतो आणि सारा ऑस्ट्रेलिया घराबाहेर पडतो तेव्हाच जातो. दिवाळी आटोपून निघावे आणि डिसेंबरच्या मध्यापूर्वी परतावे. दुसरी संधी जुलै-ऑगस्टची. मेलबर्नच्या शाळा जुलैच्या मध्यास पुन्हा भरतात, आपली सुट्टी तेव्हा सुरू होते. थंडी असते, पण गणेश चतुर्थीपूर्वी घरी परतता येते.

आणखी चार गोष्टी थोडक्यात सांगते. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारे तिकीट काढू नये. आपल्याला ऑस्ट्रेलियात जाण्यास आधी अर्ज करून व्हिसा घ्यावा लागतो. त्याचे शुल्क माणशी दोनशे डॉलरच्या आसपास आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. दुसरे, तेथील प्रवासी-कर २०२४ च्या जुलैत ६० वरून ७० डॉलर झाला. तो तिकिटातच धरलेला असतो, म्हणून वेगळा मागणाऱ्या दलालाला जाब विचारावा. तिसरे, लोणचे, बिया, फळे, मसाले जे काही नेत असाल ते विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर लिहावे. लिहिले तर फार झाले तर वस्तू काढून घेतील. लपविले तर दंड चार आकडी होऊ शकतो, आणि आजीचे लोणचे जगातील सर्वांत महाग लोणचे ठरेल. चौथे, एकाच दुकानदाराकडून ३०० डॉलर किंवा अधिकची खरेदी निघण्यापूर्वीच्या ६० दिवसांत केली असेल, तर विमानतळावर बिल आणि वस्तू दाखवून विक्रीकर परत मागता येतो. हा कर दहा टक्के आहे, परंतु किमतीत मिळविलेला असल्याने परतावा किमतीच्या अकराव्या हिश्श्याइतका असतो. ३३० डॉलरच्या वस्तूवर ३० डॉलर. मुलांना गणित म्हणून सोडवावयास द्यावे.

आपल्या घरचा प्रश्न

हे सारे ऑस्ट्रेलियाचे झाले. पण वाचकहो, परक्याचे घर पाहून यावे ते आपले घर नीट दिसावे म्हणून. आपल्या बेटावर २००५ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थी आणि वृद्ध बसने फुकट प्रवास करतात. माझ्या वर्गातील कितीतरी मुले त्याशिवाय चांगल्या शाळेपर्यंत पोचलीच नसती. माझी आई दर आठवड्याला वाक्वाच्या बाजारात जाते ती ह्याच सवलतीवर. आपण तिची किंमत विसरलो आहोत, कारण ती आपल्याला सवयीची झाली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनी जे आता आता करून पाहिले, त्यातले काही आपण जवळजवळ दोन दशके आधी केले.

आणि आपली मेट्रो पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत २०२२ मध्ये पोचली. ती प्लेझान्सच्या विमानतळापर्यंत गेलेली नाही. कधी काळी जाण्याचे ठरले, तर रूळ कोणत्या रंगाच्या गाडीचे ह्यापेक्षा मोठा प्रश्न असा असेल की विमानतळाचे फाटक कोणाच्या हाती जाणार. पर्थसारखे साधे भाडे, की सिडनीसारखे प्रवेश-शुल्क? असे करार एकदा झाले की पंचवीस-तीस वर्षे हलत नाहीत. सही होण्यापूर्वी विचारलेला एक प्रश्न नंतरच्या हजार तक्रारींपेक्षा स्वस्त पडतो.

निरोपाच्या दिवशी बहीण म्हणाली, “ताई, पुढच्या वेळी आईला पुन्हा आण.” आई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारले, “त्या फुकटच्या गाडीने नेशील ना गं?” पर्थच्या रविवारच्या गाडीबद्दल ती बोलत होती. ५९ डॉलरचे तिकीट आम्ही हुशारीने शोधले होते, पण आईच्या लक्षात राहिली ती रविवारची गाडी.